दीड, अडीच, साडेतीन, नऊ

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आमच्या भांडुपच्या सोसायटीत मात्र गेली कित्येक वर्षं हा कार्यक्रम दोन टप्प्यांत होतो. आधी बाळाची सख्खी आत्या पाळण्यावर वाकते, कुर्रर्र करते, नाव सांगते आणि पाठीत धपाटे खाते. मग तळमजल्यावरची शालनआत्या गर्दीतून वाट काढत पुढे येते, हलणारा पाळणा हातानं थांबवते, बाळाच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेते आणि म्हणते, "दीड, अडीच, साडेतीन, नऊ."

हे महिने आहेत. बाळाला लस टोचायला न्यायचे. बाळ अर्थातच झोपलेलं असतं. पण निरोप बाळासाठी नसतोच, पाळण्याभोवती उभ्या असलेल्या आईबापांसाठी असतो, आणि तो त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं दिला जातो.

माझ्या मुलीच्या बारशाला माझ्या सासूबाईंनी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. त्या साताऱ्याच्या. मुंबईकडे काय काय पद्धती असतात याचा त्यांना अंदाज नव्हता. हा कोकणातला एखादा मंत्र असावा अशा समजुतीनं त्यांनी हात जोडले आणि तो रोज किती वेळा म्हणायचा असतो ते हळूच विचारलं. शालनआत्या म्हणाली, "म्हणायचा नसतो, पोरीला घेऊन जायचं असतं." सासूबाई साताऱ्याला परत गेल्या तरी फोनवर "अडीचचं झालं का?" असं विचारत राहिल्या.

शालनआत्या माझी आत्या नाही. सोसायटीत कुणाचीच नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे मावशी, काकू, मामी यांतलं कुठलं नाव द्यायचं हा प्रश्न लोकांना पडला असावा. शेवटी पाळण्यापाशी येऊन कानात बोलते म्हणजे आत्याच, असं ठरून गेलं. ठेंगणी, गोरी, केस घट्ट बांधलेले, ब्लाउजच्या बाह्या उन्हाळ्यातही कोपरापर्यंत. चालताना गुडघ्यातून आवाज येतो आणि त्यामुळे ती येते आहे हे आधी कळतं. पळायला तेवढा वेळ पुरत नाही.

नोकरी तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, ऑपरेटर म्हणून, ट्रंक कॉलच्या काळात. लोकांचं बोलणं रंगात आलं की मध्येच तोंड घालून "तीन मिनिटं झाली, एक्स्टेंड करू का?" असं विचारणं हे तिचं काम. ट्रंक कॉल गेले, एक्स्चेंज गेलं, तो प्रश्न मात्र तिच्या जिभेवर राहिला. लशीच्या बूस्टरला ती एक्स्टेंड म्हणते. एकदा आमच्या प्लंबरच्या बोटात पत्रा घुसला. तो बिचारा बोट तोंडात घालून उभा होता, तोच गुडघ्याचा आवाज आला.

"धनुर्वाताचं कधी घेतलं होतंस?"

तो म्हणाला, लहानपणी.

"लहानपणीचा कॉल कधीच कट झाला बाबा. चल, एक्स्टेंड कर."

आणि नळ गळत असताना आमचा प्लंबर तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. त्या दिवशी आम्ही अंघोळी दुपारी केल्या.

तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला लिफ्टचं काय काम, हा प्रश्न नव्या भाडेकरूंना पडतो. लिफ्टमधून कुणाला पळता येत नाही, एवढंच तिचं काम. सोळा वर्षांच्या मुलाला ती दहावीचे मार्क विचारत नाही, सोळाव्या वर्षीचं इंजेक्शन विचारते. मुलीच्या आयांना बाजूला घेऊन गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर लस निघाली आहे हे सांगते, आणि बाजूला घेऊन सांगितलेलं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या पोरांना ती पेढा देते आणि काविळीची लस घेतली का ते विचारते. परीक्षेला बसल्यासारखी तोंडं करून पोरं उत्तरं देतात.

हे सगळं तिच्या डोक्यात असतं. एके काळी अर्ध्या मुंबईचे नंबर पाठ असलेली बाई ती, तिला आमच्या तीस बिऱ्हाडांचे दंड कसले जड जातात! पण एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं सांगायला हवी. ती कधी डॉक्टरकी करत नाही. आपल्याला मधुमेह आहे, आपल्याला चालेल का, अमुक गोळ्या चालू आहेत, तमुक होईल का, असं कुणी विचारलं की ती दोन्ही हात वर करते. "ते डॉक्टरीणबाईला विचार. मी फक्त कनेक्शन लावून देणार." डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्याच गल्लीत दवाखाना असलेली एक तरुण डॉक्टर. तिचा अर्धा दवाखाना आत्या चालवते असं लोक म्हणतात. डॉक्टरीणबाई त्याला हरकत घेत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा किस्सा तर सोसायटीत अजून सांगतात. त्यांच्या भावाला नागीण झाली. कमरेला पुरळ उठलं, आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, या भीतीनं सगळं घर रोज दोऱ्यानं अंतर मोजत बसलं. भाऊ बरा झाला. आत्या काकांना गाठून म्हणाली की नागिणीलाही लस असते, पन्नाशीनंतर घेतात, तुम्ही विचारून तरी या. काकांना हे काही पटेना. नागाला दूध असतं, पूजा असते, लस कुठून असणार? शेवटी ते चिडून खात्री करायला दवाखान्यात गेले आणि घेऊनच आले. आता तेच लिफ्टमध्ये लोकांना नागिणीबद्दल सांगत असतात. आत्याला त्यामुळे लिफ्टमध्ये स्पर्धा निर्माण झाली आहे.

सोसायटीच्या वार्षिक सभेला ती पुढच्या रांगेत बसते. ठरावावर हात वर करायची वेळ आली की आम्ही ठरावाच्या बाजूनं आहोत की विरोधात, याकडे तिचं लक्ष नसतं. ती वर गेलेल्या दंडांकडे बघते. म्हाताऱ्यांच्या दंडावर देवीच्या टोचणीचा वण, रुपयाएवढा. आमच्या पिढीच्या दंडावर बीसीजीचा बारीक खड्डा, त्याला ती 'जन्माचा शिक्का' म्हणते. दंड बघून ती वय सांगते. आमच्या सेक्रेटरींनी केस काळे करून पन्नाशीच्या आतलं वय सांगायला सुरुवात केली होती, ते तिनं अर्ध्या बाहीच्या शर्टात पकडले. पुढे त्याच सेक्रेटरींच्या दिवाणखान्यातल्या मनी प्लांटच्या बाटलीत तिला डासांच्या अळ्या सापडल्या. ती बाटली तिनं सभेतच आणून टेबलावर ठेवली. त्या दिवशी डासफवारणीचा ठराव एकमतानं झाला.

मी स्वतः तिच्या फार दिवस हाताला लागलो नाही. मला काही होत नाही, असं माझं मत होतं. चाळिशी ओलांडल्यावर एका पावसाळ्याच्या आधी तिनं मला जिन्यात अडवून फ्लूच्या लशीबद्दल विचारलं, तेव्हा मी माझ्या मते बिनतोड प्रश्न केला. घेतली आणि काहीच झालं नाही, तर ती लागू पडली हे कळणार कसं? ती म्हणाली, "काही होऊ नये म्हणूनच घ्यायची असते रे. आम्ही एक्स्चेंजवाल्या. लाइन चांगली चालली तर कुणी आमची आठवण काढत नव्हतं. बंद पडली की शिव्या." मी गेलो आणि घेतली.

दवाखान्यातून परत येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या दारावरून जावं लागतं आणि तिथं बेसनाचा लाडू मिळतो. "बूड टेकव जरा, चक्करबिक्कर येईल," म्हणते. डॉक्टरीणबाईनं अर्धा तास आधीच तिथं बसवून घेतलेलं असतं, हे तिला पक्कं माहीत आहे. तरी बसवते. पंखा लावते, पाणी देते, आईची चौकशी करते, जुन्या ट्रंक कॉलच्या गोष्टी सांगते. खोलीत एकच खुर्ची वापरातली दिसते, दुसरी पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेली. तिचे लाडू इतक्या नियमानं तयार कसे असतात, याचं मला आधी नवल वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.

तर अशा या बाईला, जिनं सेक्रेटरींना, जोशीकाकांना, प्लंबरला आणि गेटवरच्या मोती कुत्र्यालाही टोचून आणलं, एक नंबर काही केल्या लागत नव्हता. तो होता तिच्या सख्ख्या भावाचा.

दादा तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. भांडुपच्याच टेकडीवर चाळीत राहतात, वहिनी आणि ते. सगळं आयुष्य गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात गेलं. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण कापूस अजून छातीतच असल्यासारखे खोकतात. मागच्या थंडीत त्यांना निमोनिया झाला. ऑक्सिजन लावावा लागला. मी डबा घेऊन गेलो तेव्हा आत्या वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती. बाकावर तिच्याशेजारी पाच-सहा माणसं होती, लहान-मोठी सगळ्या वयांची, आणि तिनं कुणालाही काही विचारलं नव्हतं. ते बघून मी घाबरलो.

दादा घरी आले. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं की ही छाती पुन्हा असा मार सोसणार नाही, निमोनियाची लस घेऊन टाका. दादांनी मान हलवली आणि घरी येऊन विषय मिटवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. डाव्या हाताची बाही वर सारायची, देवीचा वण दाखवायचा आणि म्हणायचं, "माका टोचलेला असा. एकदा टोचला, आता जल्मभर बघूक नको." एका टोचणीत सगळे रोग आले, असा त्यांचा हिशेब. मालवणकडच्या त्यांच्या वाडीतली त्यांच्या वयाची सगळी माणसं असंच समजतात असं आत्या सांगायची. देवी गेली ना? मग बाकीच्यांची काय बिशाद?

आत्या या आजारपणाच्या कितीतरी आधीपासून दर भाऊबीजेला प्रयत्न करायची. मला हे माहीत, कारण टेकडीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत आणि माझी बहीण बडोद्याला असते, म्हणून भाऊबीजेला तिला वर पोचवायचं काम माझ्याकडे असतं. दादा पाटावर बसायचे, ती ओवाळायची, दादा तबकात साडीचं पाकीट ठेवायचे, आणि ती ते बाजूला सारून म्हणायची की साडी नको, मला ओवाळणीत तुझा दंड दे. सगळे हसायचे. दादा बाही वर करून वण दाखवायचे. मग करंज्या यायच्या आणि विषय संपायचा. उतरताना ती मला म्हणायची, "एंगेज आहे रे. पुढच्या वर्षी लावून बघू."

या वर्षी पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवरात्रापासून दादांचा खोकला वाढला होता, आणि थंडी तोंडावर आली होती. भाऊबीजेच्या सकाळी रिक्षात तिनं माझ्या मांडीवर एक निळा बर्फाचा डबा ठेवला आणि तो आडवा होऊ देऊ नकोस म्हणाली. डॉक्टरीणबाईला तिनं फराळाला बोलावलं होतं, ती स्कूटरवरून मागून येत होती. वर पोचल्यावर वहिनींनी डबा पाहिला आणि बासुंदी आणलीस काय, म्हणून कौतुक केलं. आत्यानं उत्तर दिलं नाही. इतकी खोटी वागताना मी तिला कधी पाहिली नव्हती.

दादा नवा, लांब बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालून पाटावर बसले. खोकल्यानं टोपी हलत होती. आत्यानं ओवाळलं. पाकीट तबकात पडलं. तिनं ते बाजूला सारलं. दादांनी ठरल्याप्रमाणे बाही वर केली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आली. तिनं दादांना आधीच तपासलेलं होतं, औषधंही माहीत होती, त्यामुळे तिनं सरळ वण बघायला हात पुढे केला.

दादांना तिचं येणं आवडलं असावं. त्यांनी उत्साहानं दुसरीही बाही वर केली. उजव्या दंडावर तसाच वण होता, तेवढाच मोठा.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, दोन्ही हातांवर? दोनदा टोचली?"

"ह्यो हात माझो," दादा डावा दंड दाखवत म्हणाले, "आणि ह्यो शालूचो."

मग त्यांनी सांगितलं. आत्या तबक घेऊन उभीच होती, तिनं त्यांना अडवायचा प्रयत्न केला, पण दादा सांगायचे थांबले नाहीत. लहानपणी वाडीत देवी टोचणारा आला. मंदिराच्या ओसरीवर पोरांची रांग लागली. त्याच्याकडे चक्रीसारखं काहीतरी होतं, ते दंडावर ठेवून गोल फिरवायचा. रांगेतल्या पोरांचं रडणं ऐकून शालू पळाली आणि खळ्यातल्या गवताच्या गंजीत शिरून बसली. दादांनी आपला डावा दंड पुढे केला, टोचून घेतलं, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. शालूचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी उजवा दंड पुढे केला. टोचणारा दिवसभर दंडच बघून दमला होता, त्यानं तोंडाकडे बघितलंच नाही. बहिणीची टोचणी भावानं घेतली, काम झालं, अशी त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराची प्रामाणिक समजूत. दोन्ही दंड सुजले, ताप भरला, हात वर होईनात. आई शेतावर जायची. मग गवतातून बाहेर आलेली शालू त्याला चमच्यानं पेज भरवायची.

दादा हे हसत सांगत होते. वहिनींनी ही गोष्ट अनेकदा ऐकलेली असणार, त्याही हसत होत्या. मी मात्र आत्याच्या कोपरापर्यंतच्या बाह्यांकडे बघत होतो. सगळ्या सोसायटीचे दंड तिला पाठ, आणि तिचा दंड आम्ही कुणी पाहिलेला नव्हता.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "मग आत्या, तुम्हाला?"

"मला नाहीच टोचली. घरच्यांना कळलं तोवर तो माणूस पुढच्या गावाला गेला होता." तिनं तबक खाली ठेवलं. "वाडीतल्या बाकी सगळ्यांनी घेतली म्हणून देवी आमच्याकडे आलीच नाही. मी लोकांच्या दंडावर जगले."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, तीन मिनिटं झाली असं सांगावं तशी. इतकी वर्षं आम्ही तिला हसत होतो, जिन्यात तोंड चुकवत होतो, आणि ती एकेका दंडामागे लागून बहुधा ते फेडत होती.

दादांनी बाह्या खाली केल्या. आता करंज्या येणार आणि दर वर्षीप्रमाणे विषय संपणार, असं मला वाटलं. वहिनी उठल्याच होत्या. तेवढ्यात आत्या गुडघ्यांचा आवाज करत पाटाशेजारी जमिनीवर बसली, दादांच्या बरोबर समोर, आणि आपल्या डाव्या बाहीचं हूक काढायला लागली. त्या बाहीखालच्या दंडावर खरोखरच काही नव्हतं.

"डॉक्टरीणबाई, ती सुई हय दे," ती म्हणाली. आमच्याशी ती कधी मालवणीत बोलत नसे. मग दादांकडे बघून म्हणाली, "तू माझ्या नावान घेतलंस. आता तुझ्या नावान मी घेतंय. चलात ना?"

सगळ्या आयुष्यात तिनं लोकांना एकच गोष्ट सांगितली होती, की ही गोष्ट ज्याची त्यानंच घ्यायची असते. डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बघितलं.

दादा तिच्या कोऱ्या दंडाकडे बघत राहिले. खोकल्याची एक उबळ आली, ती त्यांनी जाऊ दिली.

"तसा चलना नाय गो शालू," ते म्हणाले.

"कित्याक चलना नाय? तेव्हा चललेला."

"तेव्हा माका कळना नव्हता."

आत्यानं बाहीचं हूक परत लावलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला तिनं हात उचलला नाही. पाटावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याला आपली बहीण आणखी काही वर्षं ओवाळणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होता.

"रडतंस कित्याक?" दादा म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डॉक्टरीणबाईकडे वळले. "खंयच्या हातार घेवचा?"

कुठलाही चालेल, असं डॉक्टरीणबाई म्हणणार होती. आत्या सगळ्या सोसायटीला डावा हात पुढे करायला सांगते, उजवा जेवायला मोकळा राहावा म्हणून. मी तीच सूचना ऐकायच्या तयारीत होतो.

"माझ्या," आत्या म्हणाली.

दादांनी उजवी बाही वर केली.